सांगली-साताऱ्याचा अभ्यास सांगली-साताऱ्यात व्हायला हवा

कृष्णेला २००५ मध्ये महापूर आला, २०१९ मध्ये आला, २०२१ मध्ये पुन्हा आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी; २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्यानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि २०२० मध्ये तिचा अहवाल आला. समितीने भर दिला तो अतिवृष्टीवर आणि नदीपात्रातल्या अतिक्रमणांवर; कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने, म्हणजे धरणामुळे मागे तुंबत येणाऱ्या पाण्याने, पूर आला हे म्हणणे तिने मानले नाही. सांगलीतल्या अनेक जाणकारांना ते आजही मान्य नाही. तिकडे अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायचा कर्नाटकचा आग्रह कायम आहे आणि इकडे दर पावसाळ्याच्या तोंडावर तोच वाद नव्याने पेटतो.

या वादात कोण बरोबर, हे ठरवणे हा या लेखाचा हेतू नाही. खटकते ते वेगळेच. ज्या जिल्ह्यांच्या उंबऱ्यात पाणी येते, त्या जिल्ह्यांकडे या वादातला एकही आकडा स्वतः गोळा केलेला, वर्षानुवर्षे जपलेला आणि तपासून पाहिलेला असा नाही. समिती मुंबईहून नेमली जाते, अभ्यास दूरच्या संस्थेकडे जातो, प्रकल्प अहवाल सल्लागार कंपनी लिहिते. आपल्या वाट्याला उरते ते निवेदन आणि मोर्चा. दोन्हींची गरज आहेच, पण अहवालाला उत्तर अहवालानेच द्यावे लागते. त्यासाठी सांगली-सातारा मिळून एक छोटी, कायमस्वरूपी, स्वतःच्या पायावर उभी असलेली धोरण-अभ्यास संस्था उभी करणे ही आजची निकड आहे. जगभर ज्यांना थिंक टँक म्हणतात, त्यांतलाच एक प्रकार. कोणता प्रकार, हा प्रश्न मात्र नीट सोडवायला हवा; कारण चुकीचा प्रकार निवडला तर संस्था नसलेली परवडली.

थिंक टँक म्हटले की काचेची इमारत आणि इंग्रजी परिसंवाद डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात एवढेच: सरकारने काय करावे, कसे करावे, त्याला किती खर्च येईल आणि त्याचा परिणाम कोणावर होईल, याचा पगारी माणसांकडून सातत्याने अभ्यास करून घेणारी आणि तो अभ्यास निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचवणारी संस्था. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा लेख नियतकालिकात छापून आला की त्याचे काम संपते. इथे काम तिथून सुरू होते.

अमेरिकी अभ्यासक केंट वीव्हर यांनी १९८९ मध्ये या संस्थांचे जे वर्गीकरण केले, ते आजही उपयोगी पडते. पहिला गट त्यांच्या शब्दांत विद्यार्थी नसलेल्या विद्यापीठांचा: दीर्घ अभ्यास, जाड अहवाल, ठेवींच्या व्याजावर आणि देणग्यांवर चालणारा कारभार. १९१६ पासून काम करणारी वॉशिंग्टनची ब्रुकिंग्ज हा त्याचा ठळक नमुना. दुसरा गट कंत्राटावर संशोधन करणाऱ्यांचा. रँड ही संस्था १९४६ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठीचा प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि १९४८ मध्ये स्वतंत्र झाली. प्रश्न ग्राहकाचा, उत्तर संस्थेचे. तिसरा गट बाजू घेऊन लढणाऱ्यांचा. हेरिटेज फाउंडेशनने १९८१ मध्ये रेगन सरकार सत्तेवर येतानाच सुमारे अकराशे पानांची कामांची यादी त्यांच्या हाती ठेवली. मत आधी ठरलेले, पुरावा त्याच्या मागून. वीव्हर यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी यात पक्षांना जोडलेल्या आणि सरकारच्या आतल्या संस्थांची भर घातली.

भारतात हे सगळे प्रकार आहेत. दिल्लीची एनसीएईआर ही आर्थिक संशोधन संस्था १९५६ ची, बरेचसे काम सर्वेक्षणांचे. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च १९७३ चे. ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन १९९० मध्ये उद्योगसमूहाच्या पाठबळावर उभे राहिले. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च २००५ पासून खासदार-आमदारांना विधेयकांवर टिपणे पुरवते आणि स्वतःचे मत मुद्दाम देत नाही. सरकारच्या आत नीती आयोग २०१५ पासून आणि त्याच धर्तीवर राज्यात 'मित्रा' २०२२ पासून आहे. पुण्यात पाण्यावर सोपेकॉम आणि विजेवर प्रयास या संस्था तीस वर्षांहून जास्त काळ टिकून आहेत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०२० च्या यादीत भारतातल्या अशा संस्थांची संख्या ६१२ होती. त्यांतल्या बहुतेक दिल्ली आणि मोजक्या मोठ्या शहरांत एकवटल्या आहेत. जिल्ह्याच्या पातळीवर हे काम नियमाने करणारे फारसे कोणी नाही.

आता मुद्द्याचे. या प्रकारांमधला खरा फरक मतांचा नसतो, पैशाचा असतो. पैसे कोण देतो आणि प्रश्न कोण निवडतो, या दोन गोष्टी कळल्या की संस्थेचा अहवाल कसा येणार याचा निम्मा अंदाज लागतो. ऊस उत्पादकांच्या या पट्ट्यात एक उदाहरण प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या शुगर रिसर्च फाउंडेशनने १९६० च्या दशकात हार्वर्डच्या संशोधकांना सुमारे ६,५०० डॉलर दिले. त्यांचा लेख १९६७ मध्ये नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्यात हृदयविकाराचा दोष साखरेवरून चरबीकडे ढकलला गेला. पैसे कोणी दिले हे त्यात छापले नव्हते. जुन्या कागदपत्रांतून ते उघड व्हायला २०१६ साल उजाडले. आकडे खोटे लिहावे लागले नाहीत. कोणते अभ्यास धरायचे आणि कोणते सोडायचे, एवढ्यावरच काम झाले. बहुतेक अहवालांत पाणी मुरते ते याच जागी. नॉर्वेसारख्या सरकारांनी वॉशिंग्टनमधल्या संस्थांना दिलेल्या निधीबद्दलही २०१४ मध्ये मोठा गदारोळ झाला, तो याच कारणासाठी.

उलट बाजूही पाहावी. सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचा परदेशी निधीचा परवाना २०२३ मध्ये निलंबित झाला आणि २०२४ मध्ये रद्द झाला. पन्नास वर्षांची संस्था, पण पगार थांबले आणि बहुतेक संशोधक बाहेर पडले. एकाच नळावर तहान भागवणाऱ्या संस्थेचे काय होते, ते त्यात दिसले. मग नळ परदेशी प्रतिष्ठानाचा असो, सरकारचा असो की एखाद्या कारखान्याचा.

आपल्या भागाला ही गोष्ट अगदीच नवखी नाही, आणि हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे याचे वाईट वाटते. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये उभी राहिली ती साताऱ्याचे वकील रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. काळे यांच्या नावाने तिथे व्याख्यान भरते. १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या प्रश्नावर ते दिले होते. त्याच संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी करून १९४० मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे नेमका कोणाला किती फायदा झाला, याचा हिशेब १९४८ मध्ये मांडला. साताऱ्याच्या पैशातून पुण्यात संस्था झाली, तिने वाईला येऊन अभ्यास केला आणि अहवाल पुण्यात राहिला. त्या काळात दुसरा मार्गही नव्हता. आज आहे.

दुसरे उदाहरण खानापूर तालुक्यातले. ऐंशीच्या दशकात येरळा नदीवर तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर बळीराजा धरण बांधले. नदीतल्या वाळूच्या विक्रीतून पैसा उभा केला आणि पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क मानला. के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते आराखड्याला बसले होते, म्हणून ती मागणी नुसती मागणी राहिली नाही. आटपाडीला १९९३ पासून दरवर्षी भरणाऱ्या पाणी परिषदेतही हेच दिसले. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांनी समन्यायी वाटपाचा आग्रह धरला, सोपेकॉमच्या अभ्यासकांनी तालुक्याचा हिशेब करून दिला आणि टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी उघड्या पाटाऐवजी बंद नळाने द्यायचा विचार सरकारदरबारी पोहोचला. चळवळ आणि हिशेब एकत्र आले की काय होते, हे आपल्याच दोन तालुक्यांनी दाखवले आहे. उणीव आहे ती कायम बसून हिशेब ठेवणाऱ्या घराची.

ते घर नेमके काय करील? पुराचाच प्रश्न घेऊ. पाटबंधारे खात्याची पूरपत्रके रोज निघतात: कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, म्हैसाळ. ती त्या दिवसापुरती मोबाइलवर फिरतात आणि मागे पडतात. पंधरा-वीस वर्षांचा तासातासाचा सलग तक्ता सामान्य माणसाला एका जागी मिळत नाही. शिवाय आयर्विनची पातळी तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून फुटांत आणि अलमट्टीची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये सांगितली जाते. सगळ्या मोजपट्ट्यांचे शून्य सर्वेक्षण करून समुद्रसपाटीला जोडल्याशिवाय दोन ठिकाणच्या पाण्याची तुलनाच होत नाही. ती झाली की अंकलीपासून राजापूर बंधाऱ्यापर्यंत आणि पुढे कर्नाटकातल्या हिप्परगी बंधाऱ्यापर्यंत पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार काढता येतो. पूर चढताना, टिकून राहताना आणि ओसरताना हा उतार कसा बदलतो, खालची पातळी आधी चढते की वरची, यावरून फुगवट्याच्या वादाला पुराव्याची जमीन मिळते. यासाठी परदेशी सल्लागार लागत नाही. लेव्हलिंगचे, म्हणजे उंची मोजण्याचे, यंत्र चालवणारी मुले १९४७ मध्ये सुरू झालेल्या सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून वर्षानुवर्षे बाहेर पडत आहेत.

धरणांचा हिशेबही असाच. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). एक लाख क्युसेकने, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट या वेगाने, चोवीस तास पाणी सोडले तर ८.६४ टीएमसी जाते. म्हणजे पुरासाठी २० टीएमसी जागा मोकळी ठेवायची आणि खाली त्रास होऊ नये म्हणून विसर्ग ५० हजारांवर धरायचा, तर साडेचार दिवसांहून जास्त वेळ लागतो, तोही धरणात नवे पाणी येत नसेल तर. मग निर्णय कोणत्या तारखेला, कोणत्या पाऊस-अंदाजावर आणि कोणी घ्यायचा? पाऊस नंतर आलाच नाही तर वीज आणि सिंचनाचे नुकसान कोणी सोसायचे? जाहीर चर्चेत यायला हवेत ते हे प्रश्न. "पाणी आधी का सोडले नाही" एवढ्यावर आपली चर्चा थांबते.

उपसा सिंचनाचे घोंगडे तर वर्षानुवर्षे भिजत पडले आहे. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार शासन उचलते आणि १९ टक्के शेतकऱ्यांकडून घेतले जाते. या ८१ टक्क्यांचा लाभ पाटाच्या मुखाशी असलेल्या उसाला किती आणि शेपटाकडच्या जत किंवा माणच्या ज्वारीला किती? खात्याचे भिजक्षेत्राचे आकडे मागणी-अर्जांवर उभे असतात. ते पंपांच्या तासांशी, तलावांच्या नोंदींशी आणि उपग्रहचित्रांतल्या हिरव्या क्षेत्राशी ताडून पाहिले, तर कोणाचे पाणी कुठे जाते ते गावनिहाय सांगता येईल.

अभ्यास बिघडतो कसा, हेही सांगायला हवे, कारण संस्था काढणारे इथेच ठेचकाळतात. सर्वेक्षक डांबरी रस्त्यालगतच्या गावांत जातात, सरपंचाच्या ओसरीवर बसतात आणि ऊसतोडीला गेलेली घरे यादीतून आपोआप गळतात. माण-खटाव-जतमध्ये डिसेंबरात पाहणी केली तर स्थलांतर करणारी कुटुंबे भेटणारच नाहीत. ती उन्हाळ्याच्या शेवटी किंवा दिवाळीआधी करावी लागते. नमुन्याचे गणितही लोक विसरतात. पाच टक्क्यांच्या फरकाने उत्तर हवे असेल तर सरधोपट चिठ्ठ्या टाकून ३८४ घरे पुरतात. पण आधी गावे निवडून मग त्यांतली घरे निवडली, तर एका गावातली घरे एकमेकांसारखी असल्यामुळे हा आकडा दीडपट-दुप्पट करावा लागतो. ६०० घरे धरू. तासाभराच्या प्रश्नावलीला एक सर्वेक्षक दिवसाला पाच घरांच्या पुढे जात नाही. म्हणजे १२० मनुष्यदिवस, सहा जणांना वीस दिवस. शिवाय दहातले एक घर दुसऱ्या माणसाने पुन्हा जाऊन तपासायचे. एवढे झाल्यावरच आकड्यांवर विश्वास ठेवावा.

दुसरे बिघाड शिफारशींत होतात. "समन्वय वाढवावा", "जनजागृती करावी" अशा शिफारशी कोणालाच बांधत नाहीत. उपयोगी शिफारस कोणत्या खात्याने, कोणत्या लेखाशीर्षाखालून, कोणता शासन निर्णय बदलून, किती रुपयांत आणि कोणत्या महिन्यापर्यंत काय करायचे ते सांगते. आणि ती वेळेवर यावी लागते. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा हिवाळ्यात ठरतो, राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये येतो. एप्रिलमध्ये छापलेला अहवाल म्हणजे वरातीमागून घोडे. दोनशे पानांचा अहवाल संग्रहासाठी असू द्यावा. जिल्हाधिकाऱ्यांना, जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना आणि आमदारांना चार पानांचे मराठी टिपण ऑक्टोबरमध्ये हातात मिळायला हवे. मराठीत, कारण ते ग्रामसभेतही वाचले गेले पाहिजे.

काही जण म्हणतील, विद्यापीठे आहेत, शिवाजी विद्यापीठ आहे, रयतची महाविद्यालये आहेत. नवी संस्था कशाला? महाविद्यालयांचा सहभाग हवाच, पण तिथल्या प्राध्यापकांवर तासिका, परीक्षा आणि नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, कागदपत्रे यांचा भार असतो. ऑगस्टमध्ये पाणी चढत असताना त्यांना वर्ग सोडून मोजपट्टीवर जाता येत नाही. साखर उद्योगासाठी पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून आहे आणि उसाच्या जातींवर, कारखान्यांच्या तंत्रावर तिचे काम मोठे आहे. पण ती कारखान्यांच्या वर्गणीवर चालते. उसाला किती पाणी द्यावे, हा प्रश्न तिने कारखान्यांच्या विरोधात जाऊन सोडवावा अशी अपेक्षा धरणे तिच्यावरही अन्याय करणारे आहे. एखाद्या नेत्याच्या नावाच्या प्रतिष्ठानाखाली ही संस्था काढण्याचा मोह या दोन जिल्ह्यांत नक्की होईल. तो टाळलाच पाहिजे. नेता सत्तेत असताना संस्था गप्प बसेल आणि विरोधात गेला की तिचा खरा अहवालही राजकीय ठरेल.

म्हणून माझे मत पहिल्या गटाच्या शिस्तीच्या, पण आकाराने लहान संस्थेला आहे. दोन पूर्णवेळ संशोधक, एक आकडेवारी सांभाळणारा, एक हिशेबनीस आणि गरजेनुसार सर्वेक्षक. नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली सात माणसांनी करता येते. कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी हाही मार्ग आहे, त्यात हिशेबाची शिस्त जास्त आणि खर्चही जास्त. परदेशी निधीच्या वाटेला जाऊच नये: तीन वर्षांचा खटाटोप, दिल्लीतले खाते, प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा, आणि परवाना गेला की सगळेच गेले. हजार माणसांनी वर्षाला दोन हजार रुपये दिले तर वीस लाख होतात. या टापूतल्या बागायतदारांना, बेदाणा-हळदीच्या व्यापाऱ्यांना, डॉक्टर-वकिलांना आणि निवृत्त अभियंत्यांना हे अशक्य नाही. कोणाही एका देणगीदाराचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि दहा हजारांवरच्या प्रत्येक देणगीचे नाव अहवालाच्या पहिल्या पानावर छापावे, ही दोन कलमे संस्थेच्या घटनेतच असावीत.

प्रश्न कोणी निवडायचे, यालाही घटनेत जागा द्यावी. दरवर्षी जूनमध्ये जाहीर सभा घ्यावी, तालुक्यातालुक्यातून प्रश्न मागवावेत, त्यांतले तीन निवडावेत आणि बाकीचे का सोडले ते लिहून द्यावे. देणगीदाराला सभेत बोलण्याचा हक्क असावा, प्रश्न निवडायचा नसावा. मसुदा छापण्याआधी दोन बाहेरच्या जाणकारांकडे जावा. त्यांतला एक त्या विषयात विरोधी मत असलेला असावा आणि त्याचे आक्षेप अहवालाच्या शेवटी जसेच्या तसे छापावेत. अलमट्टीवरच्या अभ्यासाला कर्नाटकातला अभियंता परीक्षक म्हणून बोलवायची तयारी असेल, तरच तो अभ्यास कृष्णेच्या पाणीतंट्याच्या लवादापुढे टिकेल.

आणि कच्ची आकडेवारी, म्हणजे माणसांची नावे आणि गट क्रमांक वगळून सर्व तक्ते, अहवालासोबत त्याच दिवशी खुली व्हावी. विटा, जत, दहिवडी किंवा पाटणच्या एखाद्या शिक्षकाने ती उतरवून घेऊन संस्थेचा निष्कर्ष चूक ठरवला, तर तो चुकीचा भाग पुढच्या अहवालात त्याच्या नावासह दुरुस्त करून छापणे, हेही घटनेतले एक कलम असावे.